सोमवारचा शंभू

गळ्याशपथ सांगतो, ही गोष्ट अक्षरशः खरी आहे. मी तिथे हजर होतो.

म्हणजे, हजर नव्हतो. पण मिरजेत ज्याने मला सांगितली तो होता. निदान तो तसं म्हणाला. तर ऐका.

"चौथ्यांदा वाढवू ना, सर?"

विचारणाऱ्या डॉ. अवंती सोहनी. जनावरांच्या डॉक्टरकीतलं सुवर्णपदक अजून डब्यातून बाहेरही न आलेलं. विचारलं ते डॉ. हमीद मुजावरांना, कुत्र्यामांजरांत त्यांची चाळीस वर्षं गेलेली. आणि विचारायची तऱ्हा अशी, की परवानगी नको, शाबासकी हवी.

टेबलावर शंभू. दहा वर्षांचा पॉमेरियन, पोट सुटलेलं, पाठीवरचे केस झडलेले. त्याच्या अंगात कॉर्टिसॉल नावाचा हार्मोन फार व्हायचा. तो दाबायला रोज सकाळी खाण्यासोबत एक गोळी. गोळी कितपत लागू पडते ते बघायला महिन्यातून एकदा रक्त, गोळीनंतर चार तासांनी. दवाखान्यात या तपासण्या सोमवारीच लागत.

चार महिने, चार रिपोर्ट. चारही वेळा कॉर्टिसॉल चढलेलं. गोळी तीनदा वाढवून झाली होती.

सर रिपोर्टकडे बघतच नव्हते. त्यांनी जेवणाचा डबा उघडला, भाकरीचा तुकडा मोडून शंभूपुढे धरला.

शंभूची लाळ टेबलावर गळली. त्याने मालकिणीकडे पाहिलं... आणि तोंड फिरवलं.

"कुत्रं बरं दिसतंय," सर म्हणाले.

"रिपोर्ट बरा नाही, सर. कुत्र्यालाच विचारायचं तर मशीन कशाला घेतलं?" अवंती मालकिणीकडे वळली. "अक्का, गोळी वेळेवर ना?"

"तू कागदावर लिहिलंस तश्शी, पोरी," चंपाक्का म्हणाल्या. "सोमवारी हा असाच असतो बघ. गुणी."

"आणि बाकीचे दिवस?" सरांनी विचारलं.

अक्कांनी शंभूचे दोन्ही कान तळव्यांनी झाकले.

"बाकीचे दिवस हा नसतो, डॉक्टर... दुसरा असतो."

अवंती खुदकन हसली.

"गोळी वाढवायच्या आधी अक्कांच्या घरी जाऊन या," सर म्हणाले. "गुरुवारी."

गुरुवारी दुपारी ती गेली. सतारी बनवणाऱ्यांची गल्ली. शेजारच्या पडवीत भोपळे वाळत टांगलेले. कुणी छेडत नव्हतं, तरी कुठूनशी एक तार घुमत होती.

अक्कांनी दारातच ओठांवर बोट ठेवलं. "हळू. तो आहे."

कोपऱ्यात शंभू भिंतीकडे तोंड करून उभा होता. मागचे पाय लटलट कापत होते.

"शंभू!"

मान वळली. डोळे अवंतीवर आले आणि तिच्यातून आरपार मागच्या कुणाकडे तरी गेले. तिनेही वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

पाण्याची भांडी दोन. एक पितळेचं. दुसरी मातीची परळ.

"ही कुणाची?"

"त्याची. शंभूच्या भांड्याला तो तोंड लावत नाही."

"कधीपासून येतो... तो?"

"तू गोळी वाढवलीस ना पहिल्यांदा, तेव्हापासून. एक दिवस तेवढा महादेव त्याला हाकलतो."

अवंतीने हिरड्या दाबून पाहिल्या. पांढऱ्या, गार. नाडी हाताला लागेना. हे कॉर्टिसॉल चढलेलं अंग नव्हतं. पार आटलेलं होतं. हे कुत्रं मरायला टेकलं होतं.

तिने फोन लावला. "सर, आपल्याकडचा रिपोर्ट दुसऱ्याच कुत्र्याचा आहे!"

"त्याने माझी भाकरी का नाही घेतली, तेवढं विचारा."

तिने विचारलं.

"अगंबाई, सोमवार ना! आमचा दोघांचा निरंकार उपास."

"आणि गोळी?"

"उपाशीपोटी देऊ नका, असं तूच लिहिलंस." अक्का दुखावल्या. "तुझा शब्द मोडला नाही हो मी कधी."

बिनगोळीच्या दिवसाचं रक्त तपासायचं, आणि ते बघून उरलेल्या सहा दिवसांची गोळी वाढवायची. चार महिने अवंतीने हेच केलं होतं.

शंभूला उचलून ती रिक्षात बसली. दोन दिवस सलाईन. गोळी बंद, मग अगदी थोडी चालू. रक्त आता बुधवारी, पोटभर खाऊन. शंभू वाचला. सातही दिवस तोच एक.

महिन्याने ती सरांकडे आली. पदकाचा विषय नव्हता.

"सर, अक्का ती परळ अजून भरून ठेवतात. शंभू तिकडे फिरकतही नाही. मी स्वतः तासभर बसून बघितलं."

"मग?"

"पाणी... कमी होतं, सर. काय सांगू त्यांना?"

सर खो खो हसले. म्हणाले, "उन्हाने आटत असेल!"

आता कबुली. वरची गोष्ट खरी. एवढं हसणं आणि ते ऊन मी पदरचं घातलं, तुम्हाला बरं वाटावं म्हणून. सर हसले नव्हते. त्यांनी चष्मा काढला. पुसला. म्हणाले,

"ठेवू द्या त्यांना पाणी. त्याला धाडलं होतं आपणच."