अंबूआजीच्या कमरेची टोपली

ऐका मुलांनो, ही गोष्ट फार लांबची नाही. आमच्या कुडाला कूड लागून जे घर होतं, तिथली आहे. मला कशी ठाऊक म्हणाल, तर कुडाला फटी होत्या आणि मला डोळे होते.

त्या घरात शेवंती नावाची चिमुकली पोर आणि तिची आई राहायची. आई बांबूच्या टोपल्या विणायची, कोवळ्या उन्हासारख्या पिवळ्या. पण त्या वर्षी तिची बोटं सुजून आखडली. कामटी, म्हणजे बांबूची पातळ पट्टी, तिला धरवेना. मग शेवंती विणायला बसली. टोपली विणणाऱ्यानं आपल्या मांडीवर बेतायची, ही त्यांच्या घरची रीत. शेवंतीची मांडी इवलीशी, म्हणून टोपलीही इवलीशी. बाजारात लोक ती हातात घेत, "गोड आहे गं" म्हणत आणि परत ठेवून देत.

चूल एकच वेळ पेटू लागली. आई म्हणाली, "पुनवेला मावशी येईल. तुला तिच्या गावी नेईल. तिथं दोन वेळा जेवशील."

"आणि तू?"

"मी इथंच."

"मग मला भूक नाही," शेवंती म्हणाली.

"टोपल्यांना गिऱ्हाईक लागलं तर कशाला पाठवेन गं तुला?" आई म्हणाली आणि तिनं चुलीकडे तोंड फिरवलं.

शेवंती देवळामागच्या बागेत जाऊन बसली. तिथं जुईचा एक पिटुकला वेल मातीत लोळत होता, त्याचा आधारच मोडला होता. शेवंतीजवळ एकच चांगली कामटी उरली होती, टोपलीच्या काठासाठी राखलेली. तिनं वेलाकडे पाहिलं, कामटीकडे पाहिलं, आणि कामटी मातीत रोवून वेल तिला हळूच बांधला.

तोच एक कळी उमलली. आतून टिकलीएवढी परी बाहेर आली. पंख जुईच्या पाकळ्यांचे, झगा मोरपंखी, आणि केसांत दवाचे लुकलुकते मणी.

"माझं घर उभं केलंस," परी किणकिणली. "तीन इच्छा माग. पण नियम आहेत हं. पहिला, इच्छा दुसऱ्यासाठी मागायची. दुसरा, दिलेली वस्तू सूर्य मावळेपर्यंत त्या माणसानं वापरली नाही, तर तिचं दव होईल."

"आणि तिसरा?"

"तो मी सांगत नाही. तो तुझा तुला सापडेल."

शेवंती गोंधळली. न सांगितलेला नियम पाळायचा तरी कसा? मलाही ते तेव्हा कळलं नव्हतं.

बागेतली फुलं वेचून घरोघरी देणारी अंबूआजी तिला आठवली. बिचारी फाटकी पिशवी घेऊन फिरायची. शेवंती म्हणाली, "अंबूआजीला जगातली सगळ्यांत सुंदर टोपली दे."

झगमग झगमग. चंदेरी टोपली आली, तिला पोवळ्याचा काठ, काठाला इवले इवले आरसे. अंबूआजीनं ती दोन्ही हातांनी घेतली, देव्हाऱ्याशेजारी ठेवली, वर धुतलेलं फडकं घातलं आणि फाटकी पिशवी घेऊन निघाली.

"आजी, टोपली नाही नेलीस?"

"एवढ्या देखण्या टोपलीत ओली फुलं कोंबू होय? वेडी का काय तू."

दिवस मावळला. फडक्याखाली नुसतं दव उरलं.

दुसऱ्या दिवशी शेवंतीनं शहाणपणा केला. तिनं सरळ विचारलं, "आजी, तुला कशी टोपली हवी?"

"मोठी," अंबूआजी म्हणाली.

परीनं मोठी टोपली दिली, गुलाबी, सोनेरी, बैलगाडीच्या चाकाएवढी. ती अंबूआजीच्या दारातून बाहेरच निघेना. शेवटी तिच्यात आजीची कोंबडी पिल्लं घेऊन बसली. दिवस मावळला तशी टोपलीचं दव झालं आणि कोंबडी भिजून आमच्या अंगणात ओरडत आली.

"तूच मोठी म्हणालीस ना गं आजी," शेवंती रडवेली झाली.

"म्हणाले खरी. तू विचारलंस, मग काहीतरी सांगायला नको? मला काय हवंय ते मला तरी कुठं ठाऊक."

शेवंतीच्या डोक्यात नुसता गुंता झाला. न विचारता दिली तर चुकलं, विचारून दिली तरी चुकलं. घरी आईनं तिचे दोन झगे घडी करून गाठोड्यात बांधले होते. पुनव परवावर आली होती.

तिसऱ्या दिवशी तिला विणावंसं वाटेना, मागावंसं वाटेना. ती अंबूआजीच्या मागं मागं चालत राहिली, हात हलवत. आणि चालता चालता तिला दिसू लागलं.

आजी फुलांवर पाणी शिंपडायची आणि पिशवी डाव्या कमरेवर घ्यायची, कारण उजव्या हातानं कडी वाजवायची. पाणी गळून डावीकडचं लुगडं ओलंचिंब व्हायचं. दारात पोचली की पिशवी खाली ठेवायची, वाकायची, झेंडूखालची जुई शोधायची. जुई चिरडलेली असायची. ती टाकून द्यायची, कमरेवर हात ठेवून "अगं आई गं" म्हणत उठायची. बारा घरं, बारा वेळा.

"आजी, रोज अशीच भिजतेस?"

"भिजते का?" आजीनं लुगडं चाचपलं. "हो की. सवयच झाली बघ."

शेवंती धावत घरी गेली. सुतळी घेऊन आली आणि अंबूआजीची कंबर मापू लागली.

"मेले, मला काय चोळी शिवतेस?"

"हलू नकोस आजी. पोट आत घेऊ नकोस."

आधी तिनं शिंदीच्या पानांची कच्ची टोपली केली. ती आजीच्या बरगडीला टोचली. शेवंतीनं ती उसवली, तिथं खोलगट वळण दिलं. फुलं सांडली, म्हणून काठ चढवला. मग कुठं परसातला बांबू तोडून त्याच्या कामट्यांना हात घातला. कमरेला बिलगणारी एक बाजू, जुईसाठी वेगळा कप्पा, आणि बुडाशी केळीचं पान घालायला जागा, म्हणजे पाणी गळायला नको.

पुनवेच्या दुपारी टोपली झाली, काठ तेवढा राहिला. काठ वळायला जोर लागतो. शेवंतीची चिमणी बोटं रक्ताळली.

परी तिच्या खांद्यावर येऊन बसली. "तिसरी इच्छा आहे की अजून. मी पुरी करू टोपली?"

शेवंतीनं आईकडे पाहिलं. लोकांना वाटे, आई नुसती बसून असते. पण शेवंतीला आता बघायची सवय लागली होती. आईची आखडलेली बोटं पदराशी चाळा करत होती. एक खाली, एक वर, एक खाली, एक वर. बसल्या बसल्या ती विणतच होती.

"टोपली नको," शेवंती म्हणाली. "आईला तिची बोटं दे."

"सूर्य मावळायच्या आत वापरली नाहीत तर?"

"वापरेल ती. मी बघितलंय."

परीनं आईच्या बोटांवर एकेक दवबिंदू ठेवला. आईनं मूठ मिटली, उघडली. टोपली ओढून घेतली आणि काठ वळायला लागली.

"तिसरा नियम सापडला का गं?" परीनं विचारलं.

"माझ्या मांडीवर नाही बेतायची," शेवंती म्हणाली. "तिच्या कमरेवर बेतायची."

परी हसली. तिचा मोरपंखी झगा पिवळा झाला, मग पांढरा, मग सगळं अंगणच लखलख उजळलं. डोळे उघडून बघतो तर परी नाही. दारातल्या तांब्यात मात्र जुईचं एक फूल तरंगत होतं.

अंबूआजी टोपली कमरेवर घेऊन निघाली ती ताठ. बाराव्या घरी पोचेतो चार बाया तिच्या मागं, "कुणी केली गं ही? मला भाजीसाठी हवी." त्या बाया शेवंतीच्या दारात आल्या आणि त्यांच्यापाठोपाठ मावशीही आली.

मावशीनं आधी गाठोडं पाहिलं, मग टोपली पाहिली. "पोर राहू दे तुझ्यापाशी," ती आईला म्हणाली. "मला अशी एक टोपली द्या."

"लगेच नाही देता येणार," शेवंती म्हणाली. "आधी दोन दिवस राहा मावशी. तू काय काय करतेस ते मला बघू दे."

अंबूआजीचं लुगडं जसं कोरडं राहिलं, तसं तुमचंआमचंही राहो.