हेळव्याला अडवणारा रायगोंडा

एका गावात रायगोंडा नावाचा एक शेतकरी होता. भारी संशयी! आपल्या म्हशीचं दूध कमी झालं की हा शेजाऱ्याच्या घरचं ताक चाखून बघायचा.

त्या गावात काही वर्षांनी एकदा बैलावर बसून हेळवी यायचा. हेळवी म्हणजे घराण्यांच्या पिढ्यान्पिढ्यांची नावं सांगणारा. सगळी भावकी जमायची. तो मूळ पुरुषापासून नावं म्हणायचा आणि घरात नवं मूल आलं असेल तर त्याचं नाव शेवटी जोडायचा. यंदा रायगोंडाला नवसाचा नातू झाला होता. त्याचं नाव जोडून घ्यायला तो सकाळपासून अंगणात घोंगडं अंथरून बसला होता.

तेवढ्यात सिदराम नावाचा एक परगावचा माणूस आला. म्हणाला, "माझे पणजोबा दुष्काळात याच गावातून गेले. मुलीचं लग्न ठरतंय, सोयरे कूळ विचारतात. हेळव्याच्या तोंडून ऐकावं म्हणून आलो."

रायगोंडाला लगेच संशय आला. त्यानं पाणी दिलं, पण तेही डोळे बारीक करून.

हेळव्यानं सुरुवात केली. "मूळ पुरुष मलगोंडा. त्याला दोन मुलगे. थोरला बाळगोंडा दुष्काळात गाव सोडून गेला. त्याचा मुलगा..."

"बास!" रायगोंडा ओरडला. "पुढं एक अक्षर नको! कूळ कसलं विचारतोय, ह्याचा डोळा माझ्या मळ्यावर आहे!"

हेळवी उठला आणि बैलाकडे निघाला.

"अहो, चाललात कुठं? माझ्या नातवाचं नाव?"

"थोरल्याची वंशवेल अर्धी ठेवून धाकट्याची म्हणायची नाही, ही आमची रीत. तुम्ही धाकट्याचे. आता थोरल्या घरानं सांगितलं तरच पुढं."

घ्या! साप साप म्हणून भुई धोपटायला गेला आणि काठी बसली स्वतःच्याच पायावर. भावकी टकामका बघत राहिली.

सिदराम रडवेला होऊन चपला घालत होता. रायगोंडा त्याच्या आडवा गेला. मान खाली घालून म्हणाला, "दादा, तुम्ही थोरल्या घरचे. तुम्हीच सांगा त्यांना."

सिदराम परत घोंगड्यावर बसला. "म्हणा हो, हेळवी. लेकराचं नाव राहून जायला नको."

पुढचं पहिलंच नाव सिदरामच्या आजोबांचं निघालं. तो ढसाढसा रडला. रायगोंडानं मात्र नातवाचं नाव येईपर्यंत मान वर केली नाही.

तात्पर्य: संशयापायी आपल्या माणसाला तोडायला जाणारा आधी स्वतःच तुटतो.