मैनाबाईचा माळा

एका गावात मैनाबाई नावाची बाई रेशमाच्या अळ्या पाळत असे. अळ्यांचं घर पत्र्याचं. उन्हाळ्यात पत्रा तव्यासारखा तापे. मग अळ्या पाला खायच्या थांबत आणि कोष न विणताच मरून जात.

एका वर्षी तिने ठरवलं, पत्र्याखाली माळा करायचा. तिने बांबूच्या तट्ट्या बांधल्या आणि त्यांवर उसाचं वाळलेलं पाचट पसरायला घेतलं. तिचा नवरा सखाहरी म्हणाला, "भरायचंच तर हात आखडता कशाला? चांगलं दाबून भर." दोघांनी पायांनी तुडवून पार पत्र्याला टेकेपर्यंत भरलं.

घर काही फारसं निवलं नाही. भाराने वासे मात्र वाकले. त्यात वळवाचा पाऊस झाला आणि खिळ्यांच्या भोकांतून पाणी झिरपलं. दाबलेल्या पाचटाला वारा लागेना. ते कुजलं, बुरशी खाली अळ्यांवर झडली. साऱ्या अळ्या खड्डा खणून पुराव्या लागल्या.

"उन्हाळ्यात हे जमायचं नाही," सखाहरी म्हणाला. "सोडून दे."

"रानात तुती हिरवीगार उभी आहे," मैनाबाई म्हणाली. "पाला असताना मी हात बांधून बसणार नाही."

तिने माळा रिकामा केला. पत्र्याची भोकं बुजवली. पुढच्या उन्हाळ्यात रिकाम्या घरातच माळ्याचे कप्पे पाडले. कुठे कडबा, कुठे भुसकट, कुठे पाचट. कुठे पातळ थर, कुठे जाड; कुठे दाबून, कुठे मोकळा. रोज भर दुपारी शिडीवर चढून ती प्रत्येक कप्प्याच्या खालून तट्टीला तळहात लावी.

"लेकराचा ताप बघतेस जणू," सखाहरी म्हणाला.

"तापच बघतेय. घराचा."

भुसकट दबून बसलं. कडबा जड झाला. मोकळं पसरलेलं, हातभर जाडीचं पाचट, आणि वर पत्र्याखाली वाऱ्याला वाट, तिथेच तट्टी गार लागली. थर दुप्पट केला तरी गारवा वाढेना, भार तेवढा वाढे.

तिने सगळा माळा तसाच केला. सखाहरीने उरलेल्या पाचटाचा भारा उचलला. "हेही टाकू?"

"नको. ते गुरांखाली अंथरा."

मग तिने अळ्या आणल्या. बाहेर ऊन रणरणत होतं. आत अळ्या करकर पाला खात होत्या. यथावकाश त्यांनी तोंडातून धागा काढला आणि भर उन्हाळ्यात घर पांढऱ्याशुभ्र कोषांनी भरून गेलं.

सखाहरीने एक कोष तळहातावर घेतला. मग म्हणाला, "शेजारी अजून एक घर बांधू या."

तात्पर्य: नुसती जिद्द पुरत नाही आणि नुसतं भरपूर भरणंही पुरत नाही, काय वापरावं आणि किती, हे स्वतः पारखून घेतलं की जिद्दीला फळ येतं.