आव्यात फुटलेला हत्ती

फार पूर्वी इंद्रवर्धन नगरात सोमदत्त राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व नदीकाठच्या कुंभारवाड्यात पूर्णक नावाचा कुंभार होऊन जन्मला होता. त्याच्या हातचा घडा इतका पातळ उतरे की टिचकी मारली तर काशाच्या भांड्यासारखा वाजे. बायको बाळंतपणात गेली होती. मागे राहिलेली लेक कुवलया त्याने एकट्याने वाढवली.

कुंभारवाड्याचा मुख्य होता गोभिल. माणूस वाईट नव्हता, पण नियमाला भलताच पक्का. वाड्यातल्या साऱ्या घरांची भांडी एकाच आव्यात भाजली जात, आणि मुलांच्या खेळण्यांना आव्यात जागा नाही, असा पणजोबांपासूनचा दंडक होता.

एका वर्षी राजपुत्राच्या अभिषेकासाठी घडे करायचं काम वाड्याकडे आलं. आवा रचला जात असताना पाच वर्षांच्या कुवलयाने आपला मातीचा हत्ती घड्यांमध्ये हळूच सरकवून दिला. इतक्या घड्यांच्या सोबतीत त्याला करमेल, असं तिला वाटलं. पण हत्ती होता भरीव. भरीव मातीच्या पोटात ओल राहते आणि आच लागली की ती फुटते. आवा उघडला तेव्हा थरच्या थर ढासळून खापऱ्या झाल्या होत्या, आणि खापऱ्यांत हत्तीची सोंड पडली होती.

गोभिलाचं डोकं फिरलं. राजाचं काम बिघडलं, वाड्याची नाचक्की झाली. त्याने पूर्णकाला बाजूला बोलावलं आणि निवाडा दिला.

"या पोरीने जन्मात मातीला हात लावायचा नाही. हे कबूल नसेल तर आजपासून तुझ्या भांड्यांना आव्यात जागा नाही. बोल, काय ते."

पूर्णकाने लेकीकडे पाहिलं. सोंड हातात धरून ती हमसून हमसून रडत होती, आणि रडता रडता डोळे पुसून सोंड आतून कशी फुटलीय तेही निरखत होती. गोभिलालाही ते दिसलं, पण त्याला त्यात काही विशेष वाटलं नाही.

"माझी जागा काढून घ्या, दादा," पूर्णक म्हणाला. "फक्त तिला हे कधी कळू देऊ नका. खेळतेय तोवर खेळू दे."

"वेड लागलंय का तुला? खाशील काय?"

"माती खणेन. माती सगळ्यांनाच लागते."

त्या दिवसापासून वाड्यातला सर्वांत कसबी हात नदीच्या दरडीतून माती खणू लागला आणि पाटी डोक्यावर घेऊन घरोघर पोचवू लागला. चाक त्याने छपरामागे पालथं टाकलं. कुवलया मात्र मोकळी होती. दिवसभर नदीवर हुंदडायची, डुंबणाऱ्या म्हशींशी गप्पा मारायची आणि संध्याकाळी बापाला नाना गोष्टी सांगायची. बगळ्याचा एक पाय हरवलाय, म्हणून तो पाण्यात टक लावून बघत असतो, असं ती सांगे. "काहीतरीच काय!" असं पूर्णक कधी म्हणाला नाही. "मग सापडला का?" असं तो विचारी. अंगणातल्या खड्ड्यात गोवऱ्या रचून तो तिची जनावरं भाजून देई. ती फुटली की दोघं खापऱ्या घेऊन बसत. आत मोकळी जागा ठेवली की फुटत नाही, हे एके दिवशी तिचं तिलाच उमगलं.

बाप कधी चाकावर बसे हे तिला आठवत नव्हतं, आणि वाड्यातही कोणी ते तिच्यापाशी काढलं नाही. मोठी झाल्यावर ती बापाला चिडवू लागली. "कुंभार असून तुम्हाला चाक येत नाही, बाबा!"

"मला भोवळ येते ग," तो हसून म्हणे.

गोभिल कितीदा तरी तिथेच माती उतरवून घेत उभा असे. त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई. तो बोलायला गेला की पूर्णक डोळ्यांनीच त्याला गप्प करी. दिलेला निवाडा मागे घेणं मात्र गोभिलाच्याच हातात होतं, आणि तेवढं त्याच्याने झालं नाही.

मातीची जनावरं घडवण्यात कुवलयाचं नाव झालं. राणीने तिला नगरात बोलावून घेतलं. राजउद्यानात तिच्या हत्तींपुढे माणसं थबकून उभी राहत. ती तिकडे असतानाच इकडे दरड कोसळली आणि पूर्णक मातीखाली गेला. गोभिलाने स्वतःच्या हातांनी माती उपसली, पण उशीर झाला होता.

काही दिवसांनी कुवलया एक ओलसर मूर्ती घेऊन गोभिलाच्या दारात आली. हातभर उंचीचा पूर्णक, डोक्यावर मातीची पाटी.

"काका, याला आव्यात जागा द्याल? आतून पोकळ आहे. तुमचं एकही मडकं फुटायचं नाही."

गोभिलाला रडू आवरेना. "पोरी, पाटी चुकली ग," तो म्हणाला आणि आतून एक घडा घेऊन आला. त्या फुटक्या आव्यातून पूर्णकाचा हा एकच घडा शाबूत निघाला होता. इतकी वर्षं गोभिलाने तो फडक्यात गुंडाळून ठेवला होता. मग हत्तीपासून सुरुवात करून त्याने तिला सगळं सांगितलं.

कुवलयाने घड्याला टिचकी मारली. घडा वाजला. तिने आत हात घातला. तळापासून गळ्यापर्यंत बापाच्या बोटांच्या वळ्या होत्या. त्यांवरून ती कितीतरी वेळ बोटं फिरवत राहिली.

"भोवळ येते म्हणायचे," एवढंच ती म्हणाली.

तिथेच बसून तिने मूर्तीच्या डोक्यावरची पाटी उतरवली, पुढ्यात चाक ठेवलं आणि बापाचे हात त्यावर आणले. मूर्ती वाळल्यावर गोभिलाने ती आव्याच्या मधोमध ठेवली. नियमाचं काय, असं कोणीतरी विचारलं.

"तो मी तेव्हाच मोडायला हवा होता," गोभिल म्हणाला.

विहारात भिक्षूंना ही कथा सांगून भगवान शास्ते थांबले. विहाराच्या अंगणात चिखलाचे घोडे करीत बसलेल्या मुलांना सकाळी ज्याने हाकलून दिलं होतं, तो भिक्षू समोर मान खाली घालून बसला होता.

"त्या जन्मीचा गोभिल म्हणजे तू," शास्ते त्याला म्हणाले. "या विहाराच्या भिंती रंगवणारी भिक्षुणी ती कुवलया होती. आणि माती वाहणारा पूर्णक मी होतो."

भिक्षू उठला आणि मुलांना शोधायला नदीकडे गेला. घेणाऱ्यालाही कळू न देता द्यावं, अशा दानाच्या परिपूर्णतेची, दानपारमितेची, ही कथा.