घरी जन्मलेली

त्या राज्यात रानातले प्राणी धरणे हा गुन्हा होता. विकत घेणे मात्र नव्हता. त्यामुळे सगळेच निर्दोष होते, आणि घरोघरी काचेच्या पेट्या होत्या.

इरावतीबाई तिथल्या फार मायाळू बाई. रुमाजीच्या दुकानात एक हिरवी सरडीण अंग चोरून बसलेली पाहून त्यांचे डोळे भरून आले. "इथे मरेल बिचारी," असे म्हणत त्यांनी तिला विकत घेतले आणि घरी आधीच पाळलेल्या एका कासवीच्या शेजारच्या पेटीत ठेवले. आत रेशमी पाने होती, उन्हासारखा दिवा होता.

सरडिणीच्या पोटात अंडी होती. ती फांदीवरून उतरली आणि तळ खणू लागली. नखे काचेवरून घसरली. तिने दुसरा कोपरा धरला.

"खाली माती नाही," पलीकडची कासवी म्हणाली. "चारही कोपऱ्यांत नाही. मी पाहिलंय."

"कुठेतरी असेलच."

"मीही असंच म्हणायचे."

"मग अंड्यांचं काय केलंस?"

कासवीने मान कवचात ओढून घेतली.

इरावतीबाई पाहुण्यांना मुद्दाम बोलावून पेटी दाखवत. "बघा, कशी नाचते! आणि बाळसं किती धरलंय!" पुढे सरडीण काळवंडली, तेव्हा त्या कौतुकाने म्हणाल्या, "रंगसुद्धा बदलते हो आमच्यासाठी."

अकराव्या दिवशी खणणे थांबले. पुढचे पाय काचेला टेकवून सरडीण कोपऱ्यात तशीच राहिली. पोट दगडासारखे टणक झाले होते.

इरावतीबाई दोन दिवस जेवल्या नाहीत. परसात चाफ्याखाली त्यांनी स्वतःच्या हातांनी खड्डा खणला. माती भुसभुशीत होती, सहज निघाली. पेटीतून कासवी ते पाहत होती.

तिसऱ्या दिवशी रिकामी पेटी बघवेना, तेव्हा त्या दुकानात गेल्या.

"रुमाजी, रानातून धरलेली नको आता मला. जीवाला लागतं रे. घरी जन्मलेली असेल तरच दे."

"ही घरचीच आहे, बाईसाहेब," एक सरडीण पुढे करत रुमाजी म्हणाला. "या हातांवर वाढलीय."

"शपथ?"

"तुमच्याशी खोटं बोलेन का?"

इरावतीबाईंना हायसे वाटले. त्यांनी हात पुढे केला. नवी सरडीण थरथरत त्यांच्या तळव्यावर आली. तिच्या बोटांच्या बेचक्यांत तांबडा चिखल अडकला होता, अजून ओला. इरावतीबाईंनी पदराच्या टोकाने तो हळुवार पुसून काढला, आणि पदर झटकला.