खेकडी आणि कुमुदाचे बुडबुडे

जंगलाच्या मधोमध एक तळं होतं आणि त्याच्या काठच्या चिखलात एक खेकडी बीळ करून राहत असे. देवाने तिला दांडीवरचे दोन डोळे दिले होते. एक पुढे रोखून दुसरा मागे वळवता यायचा, पण दोन्हींना जे दिसे त्यावर तिचा काडीचा विश्वास बसत नसे. साऱ्या शेजाऱ्यांना ती पाण्यात पाहायची. तळ्यात एकही पाल नव्हती, तरी तिच्या मनात शंकेची पाल दिवसभर चुकचुकत असे. मुलांनो, तिला फार हसू नका हं. त्या उन्हाळ्यात तिच्या पोटाखालून वीस पिल्लं नुकतीच बाहेर पडली होती. मुगाएवढी, मऊ कवचाची. त्यांच्यापायी तिच्या जिवाला घोर लागलेला असे.

पिल्लं खेळायची ती पिवळ्या कुमुदांच्या पानांखाली. परातीएवढी ती पानं पाण्यावर अशी दाट पसरलेली, की भर दुपारीही खाली सावली असे आणि पाणी गार राही. खेकडीला मात्र या कुमुदांचं काही खरं वाटत नसे. त्यांच्या फुलांना ताडीसारखा आंबूस वास यायचा. संध्याकाळी भुंगा आत शिरला की पाकळ्या मिटत आणि सकाळी तो पिवळाधमक होऊन बाहेर पडे. "आत कोंडून याला करतात तरी काय?" ती पुटपुटे. "आणि हा मेला बाहेर आल्यावर काही बोलत का नाही?"

एका दुपारी तिने पाहिलं, एका जुन्या, फाटक्या पानाच्या कडेतून बुडबुडे निघत होते. बुड्‌बुड्, बुड्‌बुड्. आता खेकड्यांच्या जगात बुडबुडा म्हणजे श्वास. बुडबुडे दिसले, की खाली कुणीतरी दडलंय हे नक्की समजायचं. पिल्लांच्या डोक्यावर कुणी दबा धरून बसलंय की काय?

तिने म्हाताऱ्या कासवाला गाठलं. कासव म्हणालं, "अगं, तो कुमुदाचाच श्वास. त्याचा कंद खाली चिखलात असतो. तिथे कुठली आलीय हवा? मग कोवळी पानं वरून हवा घेतात, ती देठातून कंदापर्यंत जाते आणि जुन्या पानांतून बाहेर पडते. जुनी पानं फाटकी दिसली तरी कामाची आहेत हो. त्यांना हात लावू नकोस."

"तुम्ही त्यांचीच बाजू घेणार!" खेकडी फणकारली. "कुमुदाची फळं कोण मटकावतं ते ठाऊक आहे मला."

काठावर एका पायावर उभा असलेला बगळा हे सगळं ऐकत होता. तो हळूच म्हणाला, "खेकडीताई, मी बापडा वरून पाहणारा, मला काय कळतंय? पण तुमचं म्हणणं पटतं बुवा. बुडबुडे आहेत म्हणजे खाली कुणीतरी असणारच. पानं दूर केलीत तर दिसेल तरी."

खेकडीला ब्रह्मानंद झाला. शेवटी एक तरी शहाणा भेटला! जन्मभर तिने माशीवरही संशय घेतला होता. पण बगळ्याला पानं दूर व्हायला का हवीत, हा प्रश्न काही तिच्या मनात आला नाही. तो तिच्याच मनातलं बोलत होता ना!

तिने नांग्या परजल्या आणि पाण्याखालून फाटक्या पानाचा देठ कापला. खाली कुणीच नव्हतं. "लबाड शेजारच्या पानाखाली सरकला वाटतं," असं म्हणून तिने शेजारचा कापला. मग त्याच्या शेजारचा. संध्याकाळपर्यंत त्या काठाला एकही जुनं पान उरलं नाही. तुटक्या देठांतून पाणी थेट कंदात शिरलं. कंद कुजू लागला आणि आठवडाभरात कोवळी पानंही काळी पडून तळाशी गेली.

त्या बाजूचं तळं उघडं पडलं. ऊन तळापर्यंत पोहोचलं आणि चिखलावरचं एकेक पिल्लू वरून स्वच्छ दिसू लागलं. बगळ्याने दुसरा पायही खाली टेकला आणि तो शांतपणे पाण्यात उतरला. टिप, टिप, टिप. खेकडी बिळातून धावत येईपर्यंत चौदा पिल्लं संपली होती.

"मेल्या, तूच म्हणालास ना, खाली कुणीतरी आहे म्हणून!" तिने टाहो फोडला.

"मग खोटं काय बोललो?" चोच पुसत बगळा म्हणाला. "ही काय, होतीच की!"

उरलेली सहा पिल्लं पोटाशी घेऊन ती दगडाआड बसली. तेवढ्यात कासव आलं. "पलीकडच्या काठाला कुमुदं अजून शाबूत आहेत," ते म्हणालं, "चल, मी पुढे होतो." याला मला तिकडे कशाला न्यायचंय, असं तिच्या मनात आलंच; पण बगळ्याची सावली पाण्यावर सरकली आणि ती मुकाट्याने कासवामागून तिरकी तिरकी निघाली. वाटेत तिने पिल्लं तीनदा मोजली. तिन्ही वेळा ती सहाच भरली.

तात्पर्य : संशयी माणूस साऱ्या जगाला पारखून घेतो, आपल्या संशयाला मान डोलावणाऱ्याला पारखायचं तेवढं विसरतो.