ताहिराने न पाहिलेला आरसा

एका राज्यात माणसं कमी आणि पुतळे जास्त झाले होते. कारण सुलतान फैरोजबख्तच्या बोटातली अंगठी. अफराज जादूगाराच्या शापित खजिन्यातून त्याने ती हौसेने उचलली, आणि मग ती बोटातून निघेचना. सुलतानाला कुणाचा संशय आला की तो माणूस पायापासून दगड होऊ लागे. वजीर गेला, खानसामा गेला, न्हावी तर बिचारा वस्तरा हातात धरूनच गेला.

मग रमजान आला. भरदुपारी सुलतानाने खिडकीतून पाहिलं, तर सेनापती हुसाम तबेल्यामागे उभा राहून काहीतरी खात होता. झालं, हुसामचे पाय जागीच दगडाचे झाले.

त्याची बायको ताहिरा तडक दरबारात गेली.

"हुजूर, माझ्या खाविंदांचा गुन्हा काय?"

"रोजा मोडून रोजेदार म्हणून मिरवतो. इमान खोटं, तर निष्ठाही खोटीच."

"त्यांना विचारलंत?"

"डोळ्यांनी पाहिलं."

"डोळ्यांनी घास पाहिलात, हुजूर. बाकीचं तुमच्या मनाने रचलं."

सगळे तिच्या पायांकडे पाहू लागले. पण ती दगड झाली नाही. जी बाई सगळं तोंडावर बोलते, तिच्यावर संशय घ्यायचा तरी कसला?

"सूर्य मावळेपर्यंत दगड त्याच्या काळजाशी पोचेल," सुलतान म्हणाला. "तोवर काय करायचं ते कर."

बाहेर कमानीवर हुदहुद पक्षी बसला होता. तो म्हणाला, "बाई, अंगठीचा जीव जादूगाराच्या आरशात आहे. तो फोड. डोंगरातल्या गुहेला तीन दरवाजे आहेत. जे दिसेल त्यावरून कुणाबद्दल वाईट मनात आणलंस, तर तिथेच दगड होशील."

ताहिरा रोजाच्या कोरड्या घशाने डोंगर चढली.

पहिल्या दरवाजात नमाजासाठी माणसं रांगेने उभी होती, आणि एक धडधाकट माणूस खांबाला टेकून खुशाल बसला होता. ताहिराच्या कपाळावर आठी येऊ लागली. तिने ती तिथेच थांबवली. 'प्रवासी असेल, आधीच नमाज पढला असेल.' दरवाजा उघडला.

दुसऱ्यात एक बुरखेवाली दारूच्या गुत्त्यातून सुरई लपवत बाहेर पडली. आता हिला काय म्हणावं? ताहिराने डोकं खाजवलं. 'लोणच्यासाठीचा सिरका असेल. किंवा नवऱ्याच्या हातून हिसकावून ओतायला नेत असेल.' दरवाजा कुरकुरला, पण उघडला.

तिसऱ्यात अफराज स्वतः उभा होता, आणि त्याच्यामागे पडद्याने झाकलेला आरसा.

"तुझा नवरा आज दुपारी काय करत होता, ते यात दिसतं," तो म्हणाला. "निर्दोष निघाला तर तुला आनंद. दोषी निघाला तर तुझी सुटका. बघायला काय जातं?"

आता मात्र ताहिरा घाबरली. तिला बघायचं होतं, फार बघायचं होतं. त्या सकाळी हुसाम तिच्याशी नजर न मिळवताच घरून निघाला होता, आणि ते तिला वाटभर टोचत होतं. तिचा हात पडद्यापर्यंत गेला.

तिने तो मागे घेतला.

"कुराणात हुकूम आहे, फार संशय घेऊ नका, कुणाच्या पाळतीवर राहू नका. तुझा आरसा मला नेमकं तेच करायला सांगतो."

"आणि तो खरंच दोषी असला तर?"

"तर ते जाणोत आणि त्यांचा रब जाणो. मला चौकीदार कुणी नेमलं? तुझ्यासारख्याने?"

तिने पायातला चढाव काढला आणि पडद्यासकट आरशावर हाणला. काच फुटली, तसा जादूगार विरून गेला.

ती परतली तेव्हा शहर जागं झालं होतं. वजीर हातपाय झाडत होता, न्हावी वस्तरा शोधत होता, तो हातातच होता. सुलतानाची अंगठी गळून पडली होती, आणि तो खाली मान घालून एकेकाची माफी मागत होता. इतक्यात सूर्य मावळला आणि मगरिबची अजान झाली. ताहिराने हुसामपुढे खजूर धरला.

"ताहिरा, आज दुपारी मी..." हुसामने सुरुवात केली.

"आधी रोजा सोडा."

सुलतान नकळत पुढे झुकला. "सांगू तर दे त्याला."

"हुजूर," ताहिरा म्हणाली, "अंगठी गेली, सवय गेली नाही वाटतं."

सुलतान हसला, आणि मग त्या राज्यात कुणी दगड झालं नाही. हुसामने त्या दुपारी काय खाल्लं, का खाल्लं, ते तिथे कुणालाच ठाऊक नाही. मलाही नाही. आणि तुम्हीही विचारू नका.